गटार कुणाचं?

अगं, आधी बाथरूमची जाळी गुडगुडायला लागली. मला वाटलं, पाणी तुंबलंय. बघते तर पाणी जाळीतून वर येतंय! शेलूतलं आमचं घर तळमजल्यावर, त्यात आईच्या पायाचं ऑपरेशन झालेलं. तिला एकटी उचलू कशी?

बिल्डरच्या ऑफिसात फोन लावला. "मॅडम, गटार पंचायतीचं."

पंचायतीत लावला. "ताई, बांधलं बिल्डरनं, त्यालाच विचारा."

आई पलंगावरून म्हणते, "मग वास तेवढा आपला!"

शेवटी आमच्या वॉर्डाच्या पंचायत सदस्यबाईंना लावत बसले. पाणी पलंगाखाली आलं, तेव्हा कुठे त्यांनी उचलला. मी तोंड उघडायच्या आत त्याच ओरडल्या, "पंचायतीतनं बोलता ना? कवाची फोन करते मी! घरात पाणी शिरलंय, मानसं पाठवा!"