दीड फुटाचा डेलिया

...साडेचार फूट! अहो, दीड नाही, अडीच नाही, साडेचार! आणि त्या पुष्पप्रेमी मंडळाच्या बाई फोनवर काय गोड आवाजात सांगतात, "तुमचं ते बुटकं झाड आहे ना, ते साडेचार फुटांवर गेलंय, आणि अजून थांबायचं नाव घेत नाहीये. तुम्ही येऊन बघता का एकदा?" येऊन काय बघायचंय? असंच वाढत राहिलं तर आठवड्याभरात मला घरातूनच दिसेल की!

तुम्हाला सांगतो, मला फुलातलं काही कळत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मी नकाशे काढणारा माणूस. तीस वर्षं रस्ते, गटारं आणि पाण्याचे नळ कागदावर ओढले. रेघ कळते, इंच कळतो. फूल कळायचं ते हिला. आमची ही, म्हणजे बायको... आता चार वर्षं होतील. ते असो.

तर हिला डेलियाचं वेड. आणि राहायला आम्ही तिसऱ्या मजल्यावर, गॅलरी एवढीशी, वारा मात्र सगळ्या गावाचा! डेलिया काय, वयात आलेल्या पोरासारखा महिन्यात ताडमाड होतो, डोक्यावर हे एवढं फूल घेतो आणि वारा आला की मान टाकतो. मग लाव काठी, बांध दोरी. दोरी संपली की माझा टाय. अहो, खोटं नाही सांगत! माझे पाच टाय हिने झाडांना बांधले होते. मी ऑफिसात उघड्या गळ्याने, आणि घरी डेलिया मुलाखतीला निघाल्यासारखे टाय लावून उभे! एकदा तर एक झाड कुंडीसकट, काठीसकट, टायसकट खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या चादरींवर जाऊन पडलं. खालच्या बाई टाय घेऊन वर आल्या, म्हणाल्या, "तुमचं कोणी पडलंय का हो?"

तेव्हा हिने ठरवलं, की डेलियाच असा काढायचा ज्याला काठी नको, दोरी नको, टाय नको. कुंडीत सुखाने राहील, दीड फुटाच्या वर जाणार नाही, आणि फूल मात्र भरगच्च. मी म्हटलं, "अगं, बाजारात मिळत असेल." म्हणाली, "मिळतात, पण त्यांची फुलं बटणाएवढी. मला वाटीएवढं हवंय." झालं! उंच झाडाचे पराग घ्यायचे आणि बुटक्या झाडाच्या फुलाला लावायचे. कशाने? तर माझ्या ब्रशने! नकाशात नद्या रंगवायचा ब्रश हो तो! आणि मग मधमाशीने मध्येच लुडबुड करू नये म्हणून त्या फुलाला टोपी. टोपी कशाची, तर माझ्या रुमालाची. त्या वर्षी मला सर्दी झाली तेव्हा घरातले सगळे रुमाल झाडांवर होते.

त्या उद्योगातून एक्केचाळीस बिया निघाल्या. हिने पाकिटात घातल्या, वर पेन्सिलीने लिहिलं, 'दीड फूट. वाटीएवढं.' आणि पेरायच्या आधीच... ते असो.

आता पाकीट माझ्या हातात, आणि मला फुलातलं काही कळत नाही. घरात माणसं दोन, मी आणि सासूबाई. म्हणजे हिच्या आई. ही गेल्यावर सगळ्यांना वाटलं, त्या आता मुलाकडे जातील. गेल्याही. दोन दिवसांनी पिशवी घेऊन दारात हजर! म्हणाल्या, "तिकडे गॅलरी नाही." संपलं. तेव्हापासून आम्ही दोघं एकमेकांना 'जेवलात का' आणि 'औषध घेतलंत का' एवढंच विचारत राहत होतो. मग एक दिवस मी म्हटलं, "आई, बिया पेरू या का?" त्या म्हणाल्या, "पेरा. पाकिटात काय होणार त्यांचं?"

पेरल्या. सव्वीस उगवल्या. आणि डेलियाचं काय असतं माहीत आहे का? सव्वीस भावंडं, पण एकाचं तोंड दुसऱ्यासारखं नाही! कोणी उंच, कोणी फताडं, कुणाचं फूल कापसाच्या बोळ्यासारखं, तर कोणी फूल द्यायलाच तयार नाही. मी प्रत्येकाला नंबर दिला, पाटी खोचली, आणि दर रविवारी स्टीलची पट्टी घेऊन उंची मोजायला लागलो. मंडळाच्या बाईंना विचारायला गेलो, तर त्या म्हणतात, "वाढवणं सोपं असतं हो, फेकणं अवघड. एक ठेवा, बाकी टाका." टाका? अहो, हिने टोप्या शिवल्यात त्यांच्या आयांना!

तरी पण निवडलं. नऊ नंबर! पहिलं फूल उमललं ते जांभळट लाल, हिच्या जुन्या स्वेटरच्या रंगाचं. सासूबाई कितीतरी वेळ त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. नुसत्या उभ्या. त्या वेळी उंची साडेसतरा इंच, मी वहीत लिहिलंय. पुढच्या रविवारी अठरा. त्याच्या पुढच्या रविवारी? अठरा! दुसऱ्या वर्षी कंदापासून पुन्हा लावलं. अठरा! मी आलेख काढला हो त्याचा... अठरावर पोचला आणि तिथून जी सरळ रेघ, अशी रेघ मी उभ्या नोकरीत पट्टीशिवाय ओढलेली पाहिली नाही! मला संशय यायला हवा होता की नाही? सासूबाईंची नखं बघावीत तर कायम हिरवी. मला वाटायचं, पालेभाजी निवडत असतील. आमच्याकडे पालेभाजी आठवड्यातून एकदा. पण मला सांगा, माणूस आलेखाकडे बघेल की सासूच्या नखांकडे?

आणि उरलेली पंचवीस? वाटली. ज्याच्या त्याच्या गळ्यात घातली. त्यातलं सतरा नंबरचं तर कोणी घेईना. पहिल्या वर्षी फूल नाही, कळी नाही, नुसतं वीतभर. मला बुटकं हवं होतं, आजारी नको होतं. खुरटं कुठलं आणि बुटकं कुठलं, हे मला कसं कळावं? मला फुलातलं काही... सांगितलंय मी तुम्हाला! ते मी आमच्या जिन्याखालच्या घड्याळवाल्याला दिलं. त्याने रंगाच्या रिकाम्या डब्यात लावलं, दुकानाच्या दाराशी ठेवलं, आणि तिथून माझ्या पाठीमागे साडेसाती लागली.

"ओ साहेब! तुमचं झाड वाढत नाही!"

"ऊन दाखवा त्याला."

महिन्याने पुन्हा, "साहेब, ऊन दाखवलं. वाढत नाही!"

"खत घाला."

"घातलं साहेब. खत खातं आणि बसून राहतं. माझ्या मेव्हण्यासारखं."

तीन वर्षं! हा माणूस दिवसभर डोळ्याला भिंग लावून बसलेला, त्याला जगातलं बाकी काही दिसत नाही, फक्त मी दिसतो. शेवटी मी मागच्या जिन्याने ये-जा करायला लागलो. गुडघे दुखतात, पण चालेल.

इकडे मी मोजणीच्या वहीसकट नऊ नंबरचा अर्ज मंडळाकडे भरला. त्यात रकाना, 'पैदासकाराचे नाव'. म्हणजे वाण ज्याने काढलं त्याचं. मी हिचं नाव लिहिलं. बाई म्हणाल्या, "चाचणीला पैदासकार स्वतः हजर लागतात." म्हटलं, "जमणार नाही." "परगावी असतात का?" म्हटलं, "हो... जरा लांबच." बाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "बरं. त्यांच्या वतीने तुम्ही या." ते असो. नियम असा, की छाटापासून केलेली तीन रोपं मंडळाला द्यायची, ते आपल्या कुंडीत लावणार, काठी द्यायची नाही, शेंडा खुडायचा नाही, आणि झाड तिथेही तसंच वागलं, तरच त्याला नवं वाण म्हणायचं, तरच मंडळाच्या वहीत हिचं नाव चढणार. तीन रोपं दिली. मनात म्हटलं, अठरा! डोळे मिटून अठरा!

आणि मग तो फोन.

गेलो. टाय लावून गेलो, निदान अपमान तरी नीटनेटका व्हावा म्हणून. बघतो तर काय, तिन्ही झाडं माझ्या छातीला लागलेली! हिरवीगार, धष्टपुष्ट, वर ते जांभळट लाल फूल, आणि वारा असा सुटलेला की एकाची मान खाली चाललेली. बाई म्हणाल्या, "अहो, दोरी आणते थांबा. तसा नियमाने आधार द्यायचा नाही, पण आता चाचणी संपलीच." त्या दोरी आणायला गेल्या, आणि मी काय केलं माहीत आहे? गळ्यातला टाय सोडला आणि झाड शेजारच्या खांबाला बांधून टाकलं. गाठ बरोबर बसली. इतकी वर्षं बघत होतो ना... ते असो.

उघड्या गळ्याने घरी आलो, तर मंगळवार. मागच्या जिन्याने आलो, चपला हातात. गॅलरीत सासूबाई नऊ नंबरसमोर स्टूल टाकून बसलेल्या. चष्मा नाकावर, जीभ दातांत, अंगठा आणि बोट शेंड्याला... खुट्ट!

"आई!"

"आलात? चहा ठेवू?"

"हे काय करताय?"

"काही नाही. जरा वर गेलं होतं."

जरा वर गेलं होतं! "किती दिवस करताय हे?"

"दिवस कसले? दर मंगळवारी. कळी असली की सोडते मी, नुसता शेंडाच काढते. तिला दीड फूटच हवं होतं ना? मग मी दीड फूट ठेवलं."

मी म्हटलं, "आई, अहो, ते आपणहून दीड फूट राहायला हवं होतं! खुडून तर वडाचं झाडही दीड फूट राहील! तीन वर्षं मी काय मोजत होतो मग? तुमची नखं?"

त्यांनी हात मांडीवर ठेवले. म्हणाल्या, "जावईबापू, तुम्ही दर रविवारी पट्टी घेऊन बसायचात. पहिल्या वर्षी एका रविवारी अठरा आलं, तर तुम्ही दोन पोळ्या जास्त जेवलात. महिन्याभराने एकोणीस आलं, तर ताट तसंच ठेवून उठलात. आता मी काय करू? मला झाडाचं कळतं थोडंफार. तुमचं नव्हतं कळत. म्हटलं, अठरा तर अठरा."

माझी वही पाहिली नंतर. एकोणीस एकदाच लिहिलंय, तीन वर्षांत एकदाच. खोडून त्यावर 'मोजण्यात चूक असावी' असंही लिहिलंय!

रागावलो नाही मी. म्हणजे रागवायचं होतं, पण रागवायला समोर माणूस तरी तसं हवं ना? नुसताच ताडकन वळलो आणि खाली निघालो, आणि डोक्यात इतका गोंधळ, की मागचा जिना सोडून पुढच्याने उतरलो. झालं!

"ओ साहेब! सापडलात आज! या इकडे, या! हे बघा तुमचं झाड. तीन वर्षं झाली, दाराच्या या खालच्या कडीच्या वर जात नाही. डबा बदलला, खत बदललं, ऊन दाखवलं, गाणी लावली. मला लोक विचारतात, तुमच्या दुकानात घड्याळं तरी पुढे जातात का?"

मी म्हटलं, "शेंडा खुडता का तुम्ही?"

"छे! हात लावायची भीती वाटते. आधीच आजारी!"

"आणि फूल? फूल येतं का कधी?"

"फुलं येतात हो! फुलं काय, भरपूर येतात. दोन वर्षं झाली. वाढीचं बोला!"

खाली बघितलं. तीन वर्षांत पहिल्यांदा बघितलं. डब्याच्या काठावर माझ्याच अक्षरातली पाटी, सतरा. काठी नाही, दोरी नाही. आणि सहा फुलं, पिवळी, कडेला किंचित तांबूस, भरगच्च, प्रत्येक फूल... घड्याळवाल्याकडे चहाबरोबर फरसाण खायची वाटी होती, ती मी रिकामी करून फुलाशेजारी धरली. तो म्हणाला, "साहेब, बरं वाटतंय ना?" खिशातून पट्टी काढली. पण माझ्या मोजण्यावर माझाच विश्वास उरला नव्हता, म्हणून त्यालाच म्हटलं, भिंग लावा आणि वाचा. त्याने भिंग लावलं, वाकला, म्हणाला, "सतरा इंच आणि सहा रेघा. बघा, अठरा पण नाही! मी म्हणत नव्हतो?"

त्या माणसाला मी मिठी मारली हो, भर दुकानात! त्याच्या चिमट्यातली कोणाच्या तरी घड्याळाची स्प्रिंग उडून गेली, ती अजून सापडलेली नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंकडे. म्हटलं, तीन वर्षं झालीत, खुडलेलं नाही, साक्षीदार आहे! बाई म्हणाल्या, "नोंद आहे का?" म्हटलं, "हा माणूस तीन वर्षं रोज तक्रार करतोय, यापेक्षा मोठी नोंद कुठली?" म्हणाल्या, "तक्रार चालत नाही, वही लागते. पुन्हा अर्ज करा. आजपासून तीन हंगाम." वर म्हणतात, "आणि या वेळी झाड घरी ठेवू नका!"

घड्याळवालाही सोडायला तयार नाही. "आजारी होतं तेव्हा माझं, आणि आता बरं झालं तर तुमचं होय?" तेव्हा झाड त्याच्या दाराशीच राहायचं ठरलं. त्याचे छाट मंडळात, वही माझ्याकडे, पट्टी त्याच्याकडे, आणि पैदासकार म्हणून हिचं नाव. सासूबाई दर मंगळवारी जिना उतरून येतात आणि घड्याळवाल्याच्या स्टुलावर बसतात. दोन्ही हात शालीच्या आत. तो भिंगातून त्यांच्या हातांवर नजर ठेवतो. परवा मला म्हणाल्या, "जावईबापू, अजून किती?"

म्हटलं, "तीन वर्षं, आई."

"म्हणजे मी चौऱ्याऐंशीची." शाल सावरली. "बरं, थांबते. पण एकदा का वहीत नाव चढलं... मग तर खुडू द्याल ना?"

म्हटलं, द्यावंच लागेल. काय करता! मला कुठे फुलातलं काही कळतं?