नळाखालचं अळू

आदरणीय अध्यक्ष शैलाताई, व्यासपीठावरील मान्यवर, इतकी वर्षं मंडळाची व्यवस्था पाहणारे आणि आज ज्यांना आपण निरोप देतो आहोत ते प्रभाकरकाका, आणि बालीगंजच्या आपल्या मराठी मंडळातील सर्व बंधुभगिनींनो,

मी अनिकेत. मंडळाच्या मागच्या खोलीत राहतो, हावड्याला लेथवर काम करतो. शिक्षण दहावीपाशी थांबलं, म्हणून भाषण लिहून आणलं आहे. पुन्हा पुन्हा तपासलंय.

गेल्या मे महिन्यात आपल्या बोअरचं पाणी खाली गेलं. पाहुण्यांच्या खोल्या, स्वयंपाकघर, मागची बाग आणि गल्लीतल्या लोकांसाठीचा बाहेरचा नळ, सगळ्यांना पुरेना. शैलाताई बैठकीत म्हणाल्या, "काका, आधी आपलं बघा. तो नळ बंद करा." (ताई, रागावू नका, म्हणाला होतात.) काका म्हणाले, "शैला, आपण विकतचे जार तरी आणू. ते काय आणणार?" आणि त्यांनी बागेचं पाणी तोडलं.

बागेत काय होतं, हे मी सांगायला हवं का? काकांच्या पत्नी सुहासिनीकाकूंनी लावलेलं अळू. गणपतीच्या पंगतीत ज्याचं फदफदं आपण मागून मागून वाढून घ्यायचो, ते. काकू तेव्हा अंथरुणाला खिळलेल्या. मी औषध घेऊन गेलो, तर खिडकीतून वाळलेली पानं बघत त्या काकांना म्हणत होत्या, "लोकांना पाणी दिलंत ते बरोबरच. पण मला विचारायचं तरी."

जूनमध्ये काकू गेल्या. तेव्हापासून काका बागेच्या दाराने येत नाहीत. पानात वाढलेल्या अळूलाही हात लावत नाहीत.

काका कायमचे नागपूरला मुलाकडे चालले, हे गल्लीत राहणाऱ्या मधुवंतीदींना परवा कळलं. त्यांनी मला नळामागे नेलं. सांडलेल्या पाण्यावर हिरवंगार अळू! "तोमार काकीमार कोचू," त्या म्हणाल्या. तुझ्या काकूंचं अळू. मे महिन्यातच काकूंनी त्यांना बोलावून बागेतले कंद काढून न्यायला सांगितलं होतं. म्हणाल्या होत्या, "नळाखाली लाव. पाणी आता तिकडेच गेलंय."

काका, आज पानात तेच अळू आहे. तुम्ही काकूंना विचारलं नव्हतंत. काकूंनीही तुम्हाला विचारलं नाही.

त्या नळाचं पुढे काय, ते आता समिती ठरवेल. ठरवण्याआधी गल्लीत एकदा विचारून या, एवढीच विनंती.

शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. लहान तोंडी काही जास्त बोललो असेन तर पोटात घाला. काकांची संध्याकाळची गाडी आहे. पहिलं पान त्यांचं वाढू या.