मागच्या गेटाशी गाडी

(हैदराबाद. निजामाच्या काळातल्या एका महालाची बाग. कारंज्याच्या हौदापाशी हर्षदा, तिचा नवरा अनिरुद्ध आणि तिचा थोरला भाऊ मकरंद.)

मकरंद : ...आणि तू सरळ हौदात चप्पल भिरकावलीस! बाबा उतरले की गुडघाभर पाण्यात, इस्त्रीच्या पँटसकट.

हर्षदा : बाबांना अजून आठवतं?

मकरंद : परवाच सांगून हसत होते. तुझ्या लग्नानंतर पहिल्यांदा हसले. म्हणून तर तुम्हां दोघांना इथं बोलावलं. घरी एकदम नको, आईचं प्रेशर वाढतं. काय अनिरुद्धराव, आवडली का बाग?

अनिरुद्ध : लई छान आहे, दादा. आमच्या अंबरपेठेहून असं कितीसं लांब? पण कधी येणंच झालं नाही.

मकरंद : आता येत जा. घरचेच झालात. बरं, जरा चला माझ्यासोबत. मागच्या गेटाशी गाडीत बाबा बसलेत.

हर्षदा : बाबा आलेत? अरे, मग आधी नाही का सांगायचं! चला, चला.

मकरंद : तू थांब इथंच. त्यांना जावयाशी एकट्याशी बोलायचंय.

हर्षदा : मी नुसती लांबून बघते.

मकरंद : नक्को म्हटलं ना, हर्षे. तू दिसलीस की ते रडत बसतील आणि बोलणं राहून जाईल.

अनिरुद्ध : असू दे, हर्षदा. मी येतो जाऊन. वडीलधारं माणूस आपण होऊन आलंय, त्यांना ताटकळत ठेवायचं का?

हर्षदा : एक मिनिट. मी बाबांना फोन तरी करते.

मकरंद : फोन कशाला? ठेव तो फोन!

हर्षदा : हॅलो, बाबा? मी हर्षू... हो, बरी आहे... बाबा, गाडीत उकडत असेल, आत या ना... कुठली गाडी म्हणजे?... तुम्ही घरी आहात?... नाही, काही नाही. नंतर करते.

अनिरुद्ध : काय झालं?

हर्षदा : बाबा घरी आहेत. टीव्ही बघतायत. दादा, गाडीत कोण बसलंय?

मकरंद : चल रे तू.

हर्षदा : गाडीत कोण आहे, दादा?

मकरंद : माझी माणसं आहेत! याला शहर सोडायला सांगणार होती. नाही ऐकलं तर पाय मोडणार होती. कळलं आता?

अनिरुद्ध : मी काय बिघडवलं तुमचं?

मकरंद : तू विचारतोस? आजोबांपासून या कोर्टात आमचं नाव आहे. आता मी बाररूममध्ये शिरलो की लोक कुजबुजतात, याची बहीण बौद्धाच्या घरात नांदते म्हणून. हर्षे, सगळ्या हैदराबादेत तुला हाच सापडला?

हर्षदा : हाच हवा होता. चल अनिरुद्ध, पुढच्या गेटानं जाऊ. तिकडं गर्दी आहे.

मकरंद : हात सोड तिचा.

अनिरुद्ध : वकीलसाहेब, बाजूला व्हा.

मकरंद : हात सोड म्हणतो ना!

हर्षदा : दादा, ते माळ्याचं खुरपं खाली ठेव. दादा! ठेव खाली! अनिरुद्ध, पळ!

अनिरुद्ध : आई गं!

हर्षदा : सोड! सोड त्याला! बास, दादा, मरेल तो!

मकरंद : हो बाजूला, नाहीतर तुलाही घालीन.

हर्षदा : मग घाल ना! घाल!

अनिरुद्ध : हर्षदा, कुंडी नको! डोक्यात नको गं!

मकरंद : आ...

अनिरुद्ध : पडला तो. बास आता. दुसरी उचलू नको, हर्षदा! भाऊ आहे तुझा.

हर्षदा : मघाशीही भाऊच होता. हात काढ, बघू दे. अगं आई... पोटातच गेलंय. ओढणी दाबून धरते, दुखेल हं. ओ चौकीदार भाईजान! इधर आओ! अँब्युलन्स बुलाओ! और पीछे का गेट बंद करो, बाहर गाडी में और लोगां हैं!

मकरंद : हर्षू... काही दिसत नाहीये मला. डोळ्यांत रक्त येतंय.

हर्षदा : पडून राहा.

मकरंद : पोलिसांना काय सांगशील?

हर्षदा : जे झालं तेवढंच.

मकरंद : माझी सनद जाईल गं. आईचा तरी विचार कर.

हर्षदा : अनिरुद्ध, डोळे मिटू नको. माझ्याकडे बघ. बोलत राहा.

अनिरुद्ध : थंडी वाजायलीय.

हर्षदा : अँब्युलन्स निघालीय. अफझलगंजच्या पुलावर आहे म्हणतायत.

अनिरुद्ध : त्याच्याकडं बघ जरा. लई रक्त जायलंय.

हर्षदा : तू त्याचं नको बोलू.

अनिरुद्ध : डोक्याला काहीतरी बांध त्याच्या.

हर्षदा : ओढणी एकच आहे.