मृत्यू: निरंक

—काढा की फोटो, नको कोण म्हणतंय? तिन्ही मॉनिटरचे काढा. अनुदानाची पाटी पण येऊ द्या त्यात, नाहीतर तुमच्या ऑफिसातून परत फोन यायचा, ‘सिस्टर आशालता, पाटी दिसत नाही’ म्हणून. मागच्या वेळी आलाच होता. चालू करून दाखवू? एक चालतो. दुसऱ्याची दंडाला बांधायची पट्टी फाटलीय, नवी मागवलीय, कधी येईल देव जाणे. आणि तिसरा हा असा, खाली खाट नसलेल्या भिंतीवर. कारण बसवायला आलेला माणूस म्हणाला, प्लग इथे आहे, तर मी इथेच लावणार. मी म्हटलं, अरे बाबा, पेशंटला काय भिंतीला टेकवून उभं करू? तर म्हणे, माझ्या कागदावर खाटेचं काही लिहिलेलं नाही.

हसताय मॅडम, पण मला नाही हसू येत. तक्रार करते असं समजू नका हं. नंदाखालच्या पुढची ही एवढीशी बारा खाटांची जागा, ट्रस्टची, आमच्याकडे बघतं कोण? छोट्या ग्रामीण रुग्णालयांनी सेवा सुधारावी म्हणून सरकार अनुदान देतंय हे कळलं, तेव्हा आमच्या डॉक्टर इनेझनी घरून केक करून आणला होता. तीन रविवार चर्चमधली मिस्सा झाली की घरी न जाता सरळ इथे, अर्ज भरत बसायच्या. आणि मागितलं काय आम्ही? एक नर्स. वॉर्डला एक जादा नर्स, बस. उत्तर काय आलं— ‘पदनिर्मिती योजनेच्या कक्षेत नाही.’ पाठ झालंय मला ते. यंत्र मिळेल, माणूस नाही. आता तुम्हीच सांगा, मॉनिटर बोंबलायला लागला तर धावायचं कुणी? दुसऱ्या मॉनिटरनं? नाही, तुम्ही नका उत्तर देऊ, तुमचा काय दोष, तुम्ही तपासणीला आलात.

हा तक्ता? हो, मीच भरते. दर महिन्याला. दाखल किती, बाळंतपणं किती, जंतुसंसर्ग किती, मृत्यू किती. तिथे ‘निरंक’ लिहिते. निरंक, निरंक, निरंक— बघा ना, वर्षभर. अभिनंदन कसलं करताय मॅडम? नको. खरंच नको. हे असलं अभिनंदन मला— बसा ना तुम्ही, सरबत घ्या, कोकमाचं आहे, गावाहून येतं आमच्या. नाही, मी ठीक आहे. उकडतंय जरा.

म्हातारी माणसं दवाखान्यात मरत नाहीत का हो? मरतात. तुमच्या कागदावर मात्र दवाखाना चांगला म्हणजे तिथे कुणी मरायचं नाही. मग सगळे काय करतात? सगळे म्हणजे— बाकीच्यांचं मला काय माहीत, मी कशाला दुसऱ्यांचं बोलू? चार नंबरच्या खाटेवर पुतळाबाई होती. ही खिडकीजवळची. खाडीकडची, भातशेती करणारी बाई, पासष्टीची असेल, पण हात असे दणकट की इंजेक्शनला शीर सापडायची नाही. फुफ्फुसं गेली होती तिची. डॉक्टर इनेझनी तिच्या मुलाला, काळूरामला, समोर बसवून स्पष्ट सांगितलं— आठ दिवस, फार तर पंधरा. आता कुठे हलवू नकोस, तिला त्रास होणार नाही एवढं आम्ही बघू. त्यानं मान डोलावली. तिलाही इथेच राहायचं होतं. मला म्हणायची, बाय, तुझा हात हलका हाय.

आणि सोमवारी तुमची तपासणी. तुम्ही नाही, तुमच्या आधीचे साहेब होते ते. अनुदानाचा दुसरा टप्पा त्यांच्या सहीवर. बाळंतपणाची वेगळी खोली त्यातूनच होणार होती. शुक्रवारी दुपारी डॉक्टर सांडोरला त्यांच्या स्वतःच्या दवाखान्यात गेलेल्या, मी एकटी. पुतळाबाईचा श्वास जरा वर लागला. जरा. रोजच लागायचा. मी बघत उभी राहिले आणि माझ्या डोक्यात काय आलं ठाऊक आहे? आज किंवा उद्या. म्हणजे सोमवारच्या आत.

कुणी सांगितलं मला? कुणीच नाही. ट्रस्टींनी नाही, डॉक्टरांनी नाही. सांगितलं असतं तर बरं झालं असतं, आज त्यांच्या नावानं बोटं मोडली असती. मीच काळूरामला म्हटलं, मोठ्या हॉस्पिटलात मशीन आहे, नेऊन बघू या. त्याच्या चेहऱ्यावर असा उजेड आला मॅडम— त्याला वाटलं, आई वाचणार. तिनं मात्र खाटेचा हा दांडा धरला. ‘मना नको धाडू गो बाय. पानी दे नि हितंच राहू दे.’ पाणी दिलं मी. आणि मग बोटं सोडवली तिची. एक-एक करून. दणकट होती म्हटलं ना.

हायवेला गाड्या तुंबलेल्या. अँब्युलन्समध्येच गेली ती, सलाईनची बाटली काळूरामच्या हातात. तिकडच्या हॉस्पिटलनं लिहिलं, आणण्यापूर्वीच मृत. आम्ही लिहिलं, पुढील उपचारासाठी रवाना. कुणाच्याच दारात मेली नाही बघा. संध्याकाळी डॉक्टर आल्या, खाट रिकामी. मी म्हटलं, एकदम बिघडलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, आणि मग हात धुवायला गेल्या. त्या दिवसापासून आम्ही दोघी कामापुरतंच बोलतो. दुसऱ्या टप्प्याचं पत्र आलं, तेव्हा केक नव्हता.

बाराव्यानंतर काळूराम आला होता. केळ्यांचा घड खांद्यावर. म्हणाला, सिस्टर, तुम्ही शेवटपर्यंत प्रयत्न केला. मी घड घेतला. काय करणार होते? घेतला, आणि वॉर्डात वाटला. एकही केळं तोंडाला लावलं नाही.

लिहायचं का थांबलात? लिहा ना. दुसरा टप्पा परत मागतील? मागू देत. बाळंतपणाची खोली अर्धी उभी आहे, अर्धीच राहील. डॉक्टर मला ओरडतील, निदान ओरडण्याच्या निमित्तानं तरी बोलतील. तुम्हाला वाटत असेल, ही बाई आज एकदम का बोलली. मी कुठे बोलणार होते? मघाशी तुम्ही गाडीतून उतरलात ना, तेव्हा बाकावर एक जोडपं बघितलंत? निळ्या साडीतली ती जागृती, सातवा महिना आहे तिचा. आणि शेजारी तो काळूराम. त्याच्या सासरचे म्हणाले, विरारला ने, तिथे सोय चांगली. हा म्हणतो, नाही, माझ्या आईला ज्यांनी बघितलं त्याच सिस्टरकडे. सकाळपासून बसलेत दोघं. मी आपली या ना त्या कामाला लागतेय, ट्रे पुसतेय, तुम्हाला मॉनिटर दाखवतेय.

नाही मॅडम, मला समजावू नका. कृपा करून नका. तुम्ही आता उठा. फोटो झाले असतील तर या, नसतील झाले तर नंतर काढा, पण ही खोली मला रिकामी हवीय. दार उघडंच ठेवा.

काळूराम— आत ये रे. जागृतीला बसू दे तिथेच. तू एकटा ये.