सातव्या डावातले आजोबा

नाही नाही, तुम्ही चोर आहात असं मी कुठे म्हणालो? मी एवढंच म्हणालो, की चोरानंही अगदी हेच सांगितलं असतं — कचरा टाकायला खाली गेलो, मागे दार ओढलं गेलं, किल्ली आत राहिली. हातात रिकामी बादली, पायात घरातल्या सपाता, सगळं पटण्यासारखं आहे, पण बादली काय, कुणालाही मिळते. दारावर पाटी का नाही हो? बरं, नका सांगू. समोरच्या बाईंनी सांगितलं म्हणून मी पेटी उघडली — ‘हो हो, इथेच राहतात, कुणाशी बोलत मात्र नाहीत’ — आता हे प्रशस्तिपत्र की तक्रार, देव जाणे. जरा बाजूला उभे राहा, उजेड अडतोय. आणि सारखं घड्याळ काय बघताय? गॅसवर काही ठेवलंय का? नाही? मग? माणूस घड्याळ बघायला लागला की मला संशय येतो. धंदाच तसा आहे, साहेब. बंद दार उघडणाऱ्याला आधी माणूस उघडून बघावा लागतो.

ओढलं की बंद होणारं कुलूप आहे हे, आत पाच पिना. ही चपटी पट्टी ताण द्यायला आणि हा तारेचा आकडा पिना उचलायला. एकेक पिन हळूच वर घ्यायची, घाई केली की सगळ्या पुन्हा खाली. एकदा एका बाईंचं कपाट उघडलं, तर आत दुसरं कपाट. ते उघडलं, तर आत त्यांचा नवरा, खुर्ची टाकून पेपर वाचत बसलेला. मला म्हणतो, ‘लावा हो परत, इथे जरा शांतता आहे.’ खोटं वाटतंय? वाटू द्या. ही बघा, पहिली पिन बसली. ऐकलंत? तुम्हाला नाही ऐकू येणार, मला बोटांनी ऐकू येतं.

घाईवरनं आठवलं — बेसबॉल माहितीये का तुम्हाला? मान हलवली ती हो म्हणून की नाही म्हणून? जाऊ द्या. मी खरा बेसबॉल नाही म्हणत, संगणकातला. मैदान नाही, चेंडू नाही, घाम नाही. आम्ही बारा जण, प्रत्येकाचा एकेक संघ, खेळाडू म्हणजे नुसते आकडे. कोणी कुणाचं तोंड पाहिलेलं नाही, सगळे टोपणनावानं. आपण फक्त सूचना लिहून ठेवायच्या, कोणाला कधी आत घ्यायचं, कोणाला बाहेर काढायचं. आठ वाजता कुलूप! त्यानंतर कोणी हात लावायचा नाही, नऊच्या नऊ डाव संगणक खेळवतो आणि आपण नखं खात बघत बसायचं. आमची ही म्हणते, माणसं खोटी, खेळ खोटा, तेवढा तुमचा रक्तदाब खरा. माझ्या संघाचं नाव कड्या-कुलपं. हसलात? हसा की. पण जरा चटकनच हसलात.

तर एकतर्फी सामना कोणीही जिंकतो, त्यात काय अक्कल लागते? खरी गंमत एका धावेच्या सामन्यात. आणि तिथेच मला तो भेटला — मौनी! हे नाव मीच ठेवलं. त्याचं खरं टोपणनाव नुसते तीन ठिपके. बाकीचे जिंकले की फुशारक्या मारतात, हरले की शिव्या घालतात. हा कधी अक्षर लिहीत नाही. मी त्याला काय काय लिहिलं — म्हटलं, बोलणाऱ्याची माती खपते, न बोलणाऱ्याचे मोती पडून राहतात. उत्तर नाही. म्हटलं, दातखीळ बसली का रे? उत्तर नाही. यंदा तीनदा हरवलं मला, तिन्ही वेळा एका धावेनं. शेवटच्या डावात बरोबरी असली की हा कोणीतरी हडकुळा पळपुटा आत घेतो आणि तो पुढचा बेस, म्हणजे धावेतला पुढचा टप्पा, चोरतो. चोरीच म्हणतात त्याला, आणि ती कायदेशीर! म्हणजे बघा, चोरीला मुभा असलेला जगातला एकमेव खेळ, आणि त्यात कुलूपवाल्याचंच घर फुटावं? मला तर वाटलं होतं माझ्याच गोटातलं कोणी फितूर आहे. मेहुण्यावर संशय घेतला, दोन महिने बोललो नाही त्याच्याशी. नंतर कळलं, त्याला संगणक चालूसुद्धा करता येत नाही.

दुसरी बसली. तिसरी हट्टी आहे, असू दे.

आज अंतिम सामना आहे, साहेब. मी आणि मौनी. म्हणून तर मी दुपारीच सूचना लिहून निघालो, म्हटलं घरी बसलो तर पुन्हा पुन्हा बदलत राहीन. आता इथून शहराच्या त्या टोकाला पोचेस्तोवर साडेआठ. मोबाइलवरून काही करता येत नाही, आमचं मंडळ जुनाट आहे, संगणकच लागतो. म्हणजे झालं ते झालं, बाण सुटला. आणि बाण कसला सांगू का? कोणाला बोललेलो नाही, हिलासुद्धा नाही. भिंतीला कान असतात म्हणतात, पण तुमच्या जिन्यात आहे कोण? तुम्ही, मी आणि बादली.

माझ्याकडे एक पिचर आहे, म्हणजे चेंडू फेकणारा. त्याला मी आजोबा म्हणतो. वय बेचाळीस. आठ हंगाम सांभाळलाय मी त्याला. कुणी घेत नव्हतं तेव्हा घेतला, म्हटलं गंजलेलं कुलूप तेल दिलं की नव्यापेक्षा बरं चालतं. हा त्याचा शेवटचा हंगाम. संगणक निवृत्त करतो ना, नावावर करडी रेघ ओढतो, बस. हार नाही, भाषण नाही, एक रेघ. आणि आजोबानं एकदाही ढाल जिंकलेली नाही. आता तुम्ही म्हणाल, आकड्याला काय ढालीचं? बरोबर. या माझ्या हातातल्या आकड्यालाही नसतं काही. पण तो हातातून पडला, तर मी वाकून उचलतोच ना?

तर सगळे लोक काय करतात — सगळ्यात चांगला पिचर शेवटच्या डावासाठी राखून ठेवतात. मीही तेच करायचो, म्हणून हरायचो. अहो, घर सातव्या डावात जळत असेल तर बंब नवव्यात पाठवून काय उपयोग? एका धावेचा सामना शेवटी फिरत नाही, तो आधीच कधीतरी फिरलेला असतो, शेवटी नुसता कळतो. मौनीकडे एक रेडा आहे, दाणदाण मारतो. सातव्यात त्याची पाळी येणार. आणि त्याच्याकडे एक डावखुरा फलंदाज बसवून ठेवलेला असतो, खास आजोबासाठी, कारण डावखुऱ्यापुढे आजोबाचं काही चालत नाही. पण आजोबा नेहमीसारखा शेवटी येईल या हिशेबानं तो डावखुरा येणार नवव्यात! आणि माझा आजोबा येणार सातव्यात! रेड्याला लोळवायचं, डाव संपवायचा, निघून जायचं. मौनी डावखुरा घेऊन नवव्यात दार ठोठावत बसेल, तोवर आजोबा आंघोळ करून घरी! कशी आहे? आं? चौथी बसली बघा, बोलता बोलता. आता एकच राहिली —

काय म्हणालात?

नाही, म्हणालात काहीतरी. इतक्या वेळात पहिल्यांदा तोंड उघडलंत. ‘सातव्यात? आणि खांदा?’ असं म्हणालात.

साहेब, खांद्याचं मी बोललोच नव्हतो.

बोललो होतो का? नाही. मी सांगितलं वय, मी सांगितली करडी रेघ. आजोबाचा खांदा परवा दुखावला, आणि आमच्याकडे नियम आहे, दुखापतीची बातमी फक्त दोघांना जाते — त्या संघाच्या मालकाला, आणि ज्याच्याशी सामना आहे त्याला. एक मी. आणि... पाटी नाही दारावर. कुणाशी बोलत नाहीत. घड्याळ. कड्या-कुलपं म्हटल्यावर चटकन हसू. हात्तिच्या! मेहुण्यावर संशय घेतला मी, आणि इथे याच्याच दारात बसून याच्याच कानात —

हलू नका. नाही, तिथेच उभे राहा. माझ्या हातात ताण आहे. ही पट्टी मी नुसती सोडली ना, की चारही पिना खाली. मग म्हणायचं, कुलूप खराब आहे साहेब, उद्या नवीन घेऊन येतो. कोण विचारतंय? आत तुमचा संगणक वाट बघत बसेल, आठ वाजतील, कुलूप लागेल, डावखुरा नवव्यातच येईल. आत्ता किती वाजलेत? घड्याळ तुमच्याकडे आहे, मघापासून बघताय, आता सांगा की! वीस मिनिटं? हं.

वीस मिनिटं पुष्कळ झाली. कुणालाही.

पण आजवर मी एकही दार बंद ठेवून परत गेलो नाही, ही थाप नाही, हे एक खरं आहे. आणि उद्या त्याच्या नावावर रेघ पडेल तेव्हा मी त्याला काय सांगू — आजोबा, तुम्ही जिंकलात, कारण समोरचा माणूस बादली घेऊन जिन्यात उभा होता?

ही घ्या. पाचवी. उघडलं.

जा आत. पण एक लक्षात ठेवा — हा जो मी, कपाटात नवरा सापडल्याचं सांगत होतो ना, तो मी तुम्हाला माझी खरी चाल सांगेन? कदाचित समोरच्या बाईंनीच मला कोण राहतं ते सांगितलं असेल. कदाचित मी मुद्दामच आलो असेन. कदाचित आजोबा पाचव्यातच येईल, कदाचित येणारच नाही. डावखुरा सातव्यात आणा, नाहीतर नवव्यात ठेवा, बसा आता विचार करत. तीन वेळा तुम्ही मला रात्रभर जागवलंत, आज वीस मिनिटं तुमची.

पैसे राहू द्या. तुमच्याकडून नको. पेटीचं झाकण तेवढं द्या इकडे.

...अहो.

दार लावू नका, एक मिनिट. तुम्ही त्याचे आकडे बघितलेत ना आज? मी बघितले, पण माझं मन काय, माझ्याच बाजूनं बघणार. एकाच फलंदाजापुरतं — फक्त रेड्यापुरतं — टिकेल का हो त्याचा खांदा?

नको. बोलू नका. इतके दिवस बोलला नाहीत, आता नका बोलू. लावा दार.