विल्फ्रेड अंकलचा निळा कप

ब्रिस्टलच्या बसस्टॉपवर, अंत्यविधीहून परतणाऱ्या मायलेकी माझ्यापुढे उभ्या होत्या.

“आई, पबमध्ये विल्फ्रेड अंकलसारख्या काळ्या लोकांना वेगळं बसवायचे, ते खरंच त्यांनी बंद पाडलं?”

“हो. त्यापायी तुरुंगातही गेले.”

“आणि दर संडेला आपल्याकडे चहा. ऑलवेज त्या निळ्या कपात. सगळ्यांना सांगायचे, त्या घरात माझा स्वतःचा कप आहे.”

“आजी तो आपल्या कपांत ठेवू द्यायची नाही, मालविका. गॅरेजमध्ये असायचा.”

“व्हाय?”

“तशीच होती गं ती. पण जीव लावायची त्यांना. आलं घातल्याशिवाय चहा नाही दिला कधी.”

“आणि तू?”

“मी तो बाहेरच्या नळावर विसळायचे.”

“मग आंटीला काय सांगू? त्यांना तो कप हवाय. अंकलच्या फोटोशेजारी ठेवायला.”