विहिरीतली साक्षीदार

आमचा वसंता माहीत आहे ना, नेरचा फायरमन? विहिरीत पडलेली म्हैस काढायला उतरला. म्हैस वाचली, पण तिच्या लाथेनं त्याचा गुडघा कायमचा गेला. भरपाईचा अर्ज द्यायला मी सोबत गेलो, तर बाबू म्हणाला, "साक्षीदार आणा. सोबतचे फायरमन चालणार नाहीत, त्रयस्थ पाहिजे."

मी भांडायला उठलो. वसंतानं हात धरला. "राहू द्या भाऊ. विहिरीत आम्ही दोघंच होतो, तिलेच आणतो."

दुसऱ्या दिवशी तो लंगडत आला, मागे दाव्याला म्हैस.

बाबू ओरडला, "ही कसली त्रयस्थ? हिचा तर तू जीव वाचवला. तुझ्याच बाजूची!"

"साहेब, माह्या बाजूची असती तं लाथ कायले मारली असती?"

बाबूनं एकदा म्हशीकडे पाहिलं आणि शिक्का शोधायला लागला.